गिदोनाची लोकर, दोन वह्या आणि साडेतीन वर्षांची रांग

गेल्या महिन्यात उपासना सुटल्यावर मंडळीतल्या एका जोडप्यानं मला पार्किंगमध्ये गाठलं. "मूल दत्तक घ्यावं हीच देवाची इच्छा आहे हे तुम्हाला कळलं कसं?" हेल्मेट हातात धरून मी दहा मिनिटं काहीतरी बोललो. घरी आल्यावर लक्षात आलं, की मी त्यांना फक्त कागदपत्रांची यादी सांगितली होती. त्यांनी विचारलं होतं भलतंच. म्हणून हे सलग लिहून काढतोय, कागदांसकट.

आमचं लग्न २०१२ चं, नगरच्या चर्चमधलं. नोकरीमुळे पुण्यात राहतो. मी हिशेबनीस, बायको स्टाफ नर्स. २०१६ पासून दवाखाने सुरू झाले. दोन आयव्हीएफ धरून साडेचार लाखांच्या वर गेले. दुसऱ्याचा निकाल आला २०१९ च्या नाताळच्या आठवड्यात. घरात करंज्या तळायला घेतल्या होत्या. तिनं फोन ठेवला, गॅस बंद केला आणि उरलेलं पीठ ओल्या फडक्यात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवलं. ते पीठ जानेवारीत मी टाकून दिलं.

त्याआधीच्या वर्षी एका प्रार्थनासभेत बाहेरगावच्या एका प्रचारकांनी आमच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं होतं, "पुढच्या नाताळाला या घरात पाळणा हलेल." सगळे 'आमेन' म्हणाले. आम्हीही म्हणालो. तो नाताळ असा गेला. प्रचारक परत आले नाहीत. "तुमचा विश्वास कुठंतरी कमी पडत असेल," हे सांगायचं काम मागे राहिलेल्यांनी वाटून घेतलं.

दत्तक हा शब्द आमच्यात कोणी आधी काढला, यावर अजून एकमत नाही. पण २०२० च्या लॉकडाऊनमध्ये तो घरात आला आणि आल्यावर कोपऱ्यात बसून राहिला. दोघांनाही त्याच्याकडे बघायची भीती वाटायची. भीती मुलाची नव्हती. समजा देवाच्या मनात आमच्या पोटचं मूल असेल आणि आम्ही घाई करून दुसरंच करून बसलो तर? देवानं वचन दिलेल्या मुलाची वाट न बघता अब्राहामानं हागार या दासीच्या बाबतीत केली तशी घाई? उपदेश ऐकत वाढलेल्या माणसाला असले दाखले पटकन सुचतात. त्याचा फायदा होतोच असं नाही.

मग आम्ही जे केलं ते लिहायला लाज वाटते. पण तुमच्यातले निम्मे लोक तेच करत असतील, म्हणून लिहितो. रोज रात्री डोळे मिटून पवित्र शास्त्राचं, म्हणजे बायबलचं, कुठलंही पान उघडायचं आणि बोट ठेवायचं. एका रात्री बायकोचं बोट पहिल्या इतिहासावर पडलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, त्या पुस्तकाचे पहिले नऊ अध्याय म्हणजे नुसत्या वंशावळ्या. अमक्याला तमका झाला, तमक्याला अमका. तिला वाटलं, मूल 'होणार' याची ही निशाणी. मला वाटलं, नऊ अध्याय ज्या पुस्तकात जन्मांचेच आहेत, तिथं बोट पडलं तर दुसरं काय निघणार! त्या रात्री आमचं भांडण झालं, तेही वचनावरून.

जानेवारी २०२१ मध्ये मी गिदोनाचा मार्ग धरला. शास्ते, सहावा अध्याय. गिदोन खळ्यात लोकर ठेवतो आणि देवाला म्हणतो, दहिवर फक्त लोकरीवर पडू दे, जमीन कोरडी राहू दे. तसं होतं. मग म्हणतो, आता उलट करून दाखव. मी म्हटलं, प्रभू, ईस्टरच्या आत कुणीतरी आपणहून माझ्यासमोर 'दत्तक' हा शब्द उच्चारू दे. मी विषय काढणार नाही. त्या वर्षी ईस्टर ४ एप्रिलला होता. हे बायकोलाही सांगितलं नव्हतं.

२८ मार्च, झावळ्यांचा रविवार. चर्चमधून आलो, फोन बघितला. सोसायटीच्या ग्रुपवर शेजारच्या काकूंचा मेसेज होता: "तीन गोंडस पिल्लं दत्तक देणे आहे. इच्छुकांनी संपर्क साधावा."

मी सोफ्यावर बसूनच राहिलो. तिनं विचारलं काय झालं, तेव्हा सगळं सांगितलं. ती इतकी हसली की तिला ठसका लागला, आणि ठसक्याचं रडं कधी झालं ते कळलं नाही. निशाणी तर आली होती, पण ती कशाची हे सांगायला कोणी नव्हतं.

ईस्टरनंतरच्या बुधवारी आम्ही आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांकडे गेलो. तेव्हा पुण्यात दुसरी लाट चढत होती. मास्क लावून त्यांच्या घराच्या, म्हणजे पार्सनेजच्या, व्हरांड्यात बसलो, मध्ये दोन खुर्च्यांचं अंतर. पिल्लांची गोष्ट ऐकून ते हसले नाहीत. आत जाऊन पवित्र शास्त्र आणलं आणि म्हणाले, "ते लोकरीचं वचन पुन्हा वाचा. मोठ्यानं." मी वाचलं. "तू म्हटल्याप्रमाणे" या शब्दांवर त्यांनी मला थांबवलं. "बघा. देवानं काय सांगितलंय हे गिदोनाला आधीच ठाऊक आहे, लोकर ठेवण्याच्या आधी. ही लोकर रस्ता विचारण्यासाठी नाही हो, ती भीतीपोटी ठेवलेली आहे. देवानं त्याच्या भीतीची कीव केली, हे खरं. पण म्हणून ती पद्धत होत नाही."

मग म्हणाले, "तुम्ही वचन उघडताय ते पंचांगात मुहूर्त काढल्यासारखं." हे मला लागलं. अजून लागतं.

त्यांनी आम्हाला एक काम दिलं. दोन वह्या आणायच्या, साध्या, दोनशे पानी. रोज रात्री दोघांनी वेगवेगळं बसायचं. दिवसभरात मूल दत्तक घेण्याचा विचार मनात आला असेल तर तो विचार निघून गेल्यावर मागे काय उरलं, एवढंच लिहायचं. विचार चालू असताना काय वाटलं ते लिहायचं नाही, तो गेल्यावर काय राहिलं ते. आणि मे अखेरपर्यंत एकमेकांची वही बघायची नाही.

"हे आपल्याकडचं नाही," असंही त्यांनी सांगून टाकलं. "कॅथलिक संतांचं आहे, इग्नेशियस लोयोलाचं. चांगलं आहे म्हणून घेतलं." स्पेनमधला हा सरदार घराण्यातला माणूस १५२१ च्या मे महिन्यात पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्यानं जखमी झाला, पाय मोडला. बरा होईपर्यंत अंथरुणावर पडून होता. त्याला वाचायला शौर्यकथा हव्या होत्या, पण घरात होती ती ख्रिस्ताचं चरित्र आणि संतांच्या कथा. पडल्यापडल्या तो दोन्ही तऱ्हेची स्वप्नं बघायचा: सरदारकीची आणि संतांसारखं जगण्याची. दोन्हींत गोडी वाटायची. पण पहिली संपली की मन कोरडं पडायचं आणि दुसरी संपली तरी समाधान रेंगाळायचं. त्याची सगळी पुढची साधना या एका निरीक्षणावर उभी राहिली. "येत्या मे महिन्यात याला बरोबर पाचशे वर्षं होतील," पाळकसाहेब म्हणाले, आणि निघताना एक नियम कागदावर लिहून दिला. मन उदास, कोरडं, अंधारात असेल तेव्हा आधी घेतलेला निर्णय बदलायचा नाही. तो कागद मी पाकिटात ठेवला. कशासाठी दिला ते तेव्हा कळलं नव्हतं.

एप्रिल-मे २०२१ मध्ये नर्सच्या घरात काय परिस्थिती होती ते वेगळं सांगायला नको. ती कोविड वॉर्डात होती. पीपीई किटमुळे नाकावर उठलेला वळ जायचा नाही. मला वाटलं, ती काही वही लिहीत नसणार.

३० मे, रविवार. ऑनलाइन उपासना संपली आणि आम्ही वह्या अदलाबदल केल्या. माझ्या वहीत ३९ नोंदी होत्या. त्यांतल्या अकरांत शाळेच्या फीचा उल्लेख होता. विचार गेल्यावर काय उरतं, याचं माझं उत्तर बहुतेक दिवशी 'हिशेब' असंच होतं. पण शेवटच्या दोन आठवड्यांत हिशेबाच्या खाली दुसरी ओळ येऊ लागली होती: "हिशेब जमत नाही. तरी बरं वाटतंय." हे मी लिहिलं होतं, पण माझ्या लक्षात आलेलं नव्हतं.

तिच्या वहीत सतराच नोंदी होत्या, एकेका ओळीच्या. ६ मेची अशी: "आज तीन गेले. घरी माझी कुणी वाट बघावी असं नाही वाटलं. मला कुणाची तरी वाट बघायचीय, असं वाटलं."

त्यानंतर चर्चा झाली नाही. जेवणं झाली आणि मी लॅपटॉप उघडला.

इथून कागद सुरू होतात.

आपल्यातल्या बऱ्याच जणांना अजून वाटतं, की ख्रिस्ती माणसाला कायद्यानं दत्तक घेता येत नाही. ते पूर्वी खरं होतं. १९५६ चा दत्तकाचा कायदा हिंदू, बौद्ध, जैन, शीख यांच्यापुरता आहे. आपल्या लोकांना १८९० च्या पालकत्वाच्या कायद्याखाली फक्त 'पालक' होता यायचं, आईबाप नाही. माझ्या एका मामांनी तशीच मुलगी वाढवली. तिच्या अठराव्या वाढदिवशी कायद्याच्या नजरेत ते नातं संपलं आणि मामांनी घाईघाईनं मृत्युपत्र करून घेतलं. बाल न्याय कायद्यानं हे बदललं. धर्म कुठलाही असो, त्या कायद्याखाली मूल दत्तक घेता येतं, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्ये स्पष्ट केलं. सध्याचा कायदा २०१५ चा. सगळी नोंदणी 'कारा' या केंद्रीय संस्थेच्या पोर्टलवरच होते.

आम्ही ऑगस्ट २०२१ मध्ये नोंदणी केली. पॅन, आधार, जन्माचे दाखले, उत्पन्नाचा पुरावा, दोघांचा फोटो, डॉक्टरांचं प्रमाणपत्र, लग्नाचा दाखला आणि ओळखीच्या दोघांची शिफारसपत्रं. एक पत्र पाळकसाहेबांनी दिलं, दुसरं पिल्लंवाल्या काकूंनी. आम्हाला अडवलं लग्नाच्या दाखल्यानं. चर्चच्या नोंदवहीत बायकोचं नाव बाप्तिस्म्याचं, आधारवर घरचं. शंभराच्या स्टॅम्पपेपरवर प्रतिज्ञापत्र, नोटरीचे दोनशे आणि तीन शनिवार एवढ्यावर ते निभावलं. तुमच्या घरीही असं दुहेरी नाव असेल, आणि आपल्यात ते असतंच, तर आधी ते एकसारखं करून घ्या. मला मधुमेह आहे. लपवावा का, असं एका रात्री मनात आलं होतं. आमच्या डॉक्टरांनी 'नियंत्रणात आहे, मूल वाढवण्यास अडचण नाही' असं सरळ लिहिलं आणि ते चाललं.

फॉर्ममध्ये एक पान आहे, तिथं मी बराच वेळ अडकलो. मुलगा, मुलगी की कोणतंही? वय काय? निरोगी की विशेष गरजा असलेलं? मुलगा-मुलगीच्या चौकटीत आम्ही 'कोणतंही' निवडलं, ते सोपं गेलं. वय दोन वर्षांपर्यंत. तब्येतीच्या चौकटीत 'निरोगी' निवडलं आणि मला रात्रभर झोप लागली नाही. देवाची इच्छा विचारणाऱ्यानं अट घालावी का? बायको वॉर्डातली आहे. ती म्हणाली, "आपली दोघांची नोकरी, घरी तिसरं माणूस नाही. जे झेपणार नाही त्याला हो म्हणणं ही भक्ती नाही." ती बरोबर असेल. तरी ती टिक मला आजही दिसते.

ऑक्टोबरमध्ये घरभेट झाली. गृह अध्ययन अहवालाचे सहा हजार रुपये भरले. समाजसेविका ताई आमच्याहून लहान, अंगानं बारीक, हातात क्लिपबोर्ड. मी फरशी दोनदा पुसून घेतली होती. त्यांनी फरशीकडे बघितलंसुद्धा नाही. भिंतीवरचं वचन मात्र वाचलं आणि विचारलं, "मूल का हवंय?" मी तयारी करून ठेवली होती. याकोबाच्या पत्रातलं अनाथांचा समाचार घेण्याचं वचन सांगितलं, देवानं आम्हाला हे काम दिलंय असं वाटतं, असंही म्हणालो. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"सर, राग मानू नका. मूल ही सेवा नाही. उद्या ते दहावीत नापास झालं, उलटून बोललं, तर तुम्ही त्याला 'आम्ही तुझ्यावर उपकार केले' असं ऐकवणार का? पुण्य म्हणून मूल न्यायचं नसतं."

मी गप्प झालो. बायको म्हणाली, "मला आई व्हायचंय. बाकी ते बोलले ते चर्चचं आहे." ताईंनी ते लिहून घेतलं.

त्या रात्री इफिसकरांस पत्राचा पहिला अध्याय काढला, या वेळी डोळे उघडे ठेवून. पाचव्या वचनात पौल म्हणतो, की देवानं आपल्याला दत्तक घ्यायचं ठरवलं ते त्याच्या मनाला आलं म्हणून, त्याची तशी खुशी होती म्हणून. 'दत्तक' आणि 'देवाची इच्छा' हे दोन शब्द एकाच ओळीत बसलेले, आणि मी वर्षभर कुठंकुठं बोट ठेवत फिरत होतो! त्या वाक्यात उपकाराचा मागमूस नाही. ताई चर्चला जाणाऱ्या नव्हत्या. पण त्या वचनाचा अर्थ मला त्यांच्यामुळे लागला.

त्या वर्षी नाताळला नगरला गेलो तेव्हा घरी सांगितलं. आई भाकरी थापत होती. म्हणाली, "अरे, पण कुणाचं रक्त, काय जात, काय माहीत?" ख्रिस्ती घरात हा प्रश्न येऊ नये असं तुम्हाला वाटत असेल, तर तुम्ही आमच्या घरात वाढलेले नाही. पप्पा पेपर वाचत होते. पेपर न उतरवताच म्हणाले, "माझ्या आजीचं तरी कुठं माहीत होतं?" १९०० च्या दुष्काळात नगरच्या मिशनकडे जी पोरं आली, त्यांतली ती एक. चार-पाच वर्षांची असेल. गाव सांगता येईना, आडनाव सांगता येईना. मिशनवाल्यांनी रजिस्टरात अंदाजानं जन्मतारीख लिहिली आणि आयुष्यभर तिनं तोच वाढदिवस केला. पप्पांनी तिला पाहिलेलं. "तिच्यामुळे आपण सगळे आहोत," पप्पा म्हणाले, "आणि तू त्याच घरात लग्न करून आलीस." आईनं भाकरी तव्यावर टाकली. पुढच्या वर्षी तिनं न सांगता दुपटी शिवायला घेतली.

मग रांग. पोर्टलवर तुमचा क्रमांक दिसतो. आमचा चार आकडी होता. सुरुवातीला मी तो रोज बघायचो. करू नका. आठवड्यातून एकदा, फार तर सोमवारी.

२०२२ च्या मध्यावर ओळखीतल्या एका गृहस्थांनी मला बाजूला घेतलं. "एका ठिकाणी बाळ आहे. आईला नकोय. दोन लाखांत होईल, कागद तुमच्याच नावानं बनतील. देवानंच पाठवलंय असं समजा." मी हे लगेच झिडकारलं असं सांगायला आवडलं असतं. मी घरी येऊन सांगितलं. बायको म्हणाली, "खोटा जन्मदाखला काढून मिळालेल्या पोराला रविवारच्या शाळेत कुठली आज्ञा शिकवायची?" असं मूल घेणं म्हणजे सरळसरळ विकत घेणं आहे आणि बाल न्याय कायद्याखाली तो तुरुंगवासाचा गुन्हा आहे. तुम्हालाही असं कोणी भेटेल. बहुधा 'देवानं पाठवलं' हेच शब्द वापरेल.

त्याच वर्षी १ सप्टेंबरपासून दत्तकाचा आदेश न्यायालयाऐवजी जिल्हाधिकारी देणार, असा बदल लागू झाला. पाठोपाठ नवी नियमावली आली. आमच्यासारख्यांच्या ग्रुपांवर घबराट उडाली, रांग नव्यानं लागणार म्हणे. तसं काही झालं नाही.

खरी कसोटी जुलै २०२३ मध्ये आली. क्रमांक महिनोन्महिने जेमतेम हलत होता आणि बायकोला परदेशातल्या हॉस्पिटलची ऑफर आली. पगार इथल्या सहापट. मेव्हणी म्हणाली, "देवानं एक दार लावलं, दुसरं उघडलं." गेलो असतो तर भारतात राहणारं जोडपं म्हणून केलेली आमची नोंदणी संपली असती. दोघंही थकलो होतो. ती रात्री प्रार्थनेला बसायची आणि "जसे स्वर्गात तसे पृथ्वीवरही" इथंच थांबायची. पुढचे शब्द तोंडातून निघायचे नाहीत. मी आठ महिने वही उघडलेली नव्हती.

तेव्हा पाकिटातला कागद आठवला. घडीवर फाटला होता. अंधारात असताना आधीचा निर्णय बदलायचा नाही. पाळकसाहेबांची तोवर बदली झाली होती. त्यांना फोन लावला. ते म्हणाले, "पौलाला बिथुनिया प्रांतात जायचं होतं, आत्म्यानं जाऊ दिलं नाही. पण बंद दिसलेलं प्रत्येक दार देवानंच लावलेलं नसतं, आणि उघडं दिसतं ते प्रत्येक त्यानंच उघडलेलं नसतं. कधीकधी नुसता वारा असतो." मग इग्नेशियसच्याच दोन युक्त्या सांगितल्या. आपल्यासारखंच एखादं अनोळखी जोडपं सल्ला विचारायला आलंय असं समजा, त्यांना काय सांगाल? आणि मरणाच्या खाटेवर पडलोय असं समजा, तेव्हा मागं वळून काय केलेलं असावंसं वाटेल?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर बायकोनं लगेच दिलं. पहिल्यावर आम्ही आठवडाभर वाद घातला. अनोळखी जोडप्याला मी तर 'जा' म्हणालो असतो. शेवटी तिनं ऑफर नाकारली. ते बरोबर झालं का, हे मला छातीठोकपणे आजही सांगता येत नाही. घराचे हप्ते अजून चालू आहेत. एवढंच म्हणेन, की नाकारल्यानंतरच्या रात्री ती "तुझ्या इच्छेप्रमाणे होवो" इथपर्यंत पोचली आणि मग झोपली.

ऑक्टोबर २०२४ मध्ये घरभेटीच्या अहवालाची तीन वर्षांची मुदत संपली. तारीख आधीच लक्षात ठेवा. पुन्हा भेट, पुन्हा क्लिपबोर्ड, त्याच ताई. या वेळी त्यांनी मला "का हवंय" विचारलं नाही. मधुमेहाचा ताजा रिपोर्ट मागितला.

११ फेब्रुवारी २०२५, मंगळवार, दुपारी चारच्या सुमारास ऑफिसात एसएमएस आला. जीएसटीचं रिटर्न भरत होतो, ते अर्धवट टाकून उठलो.

पोर्टलवर एक फोटो, बाल अध्ययन अहवाल आणि वैद्यकीय अहवाल. मुलगी, चौदा महिन्यांची. जन्मतारखेपुढे 'अंदाजे' असं लिहिलेलं. तो शब्द बघितला आणि पप्पांच्या आजीचं रजिस्टर डोळ्यांसमोर आलं. होय-नाही सांगायला ४८ तास असतात. संध्याकाळीच वैद्यकीय अहवाल घेऊन बालरोगतज्ज्ञांकडे गेलो. जन्माच्या वेळी वजन कमी, हिमोग्लोबिन कमी, बाकी ठीक. डॉक्टर ओळखीचे असतील तर त्यांना आधीच कल्पना देऊन ठेवा. त्या ४८ तासांत अपॉइंटमेंट शोधत बसायला वेळ नसतो.

बुधवारी रात्री आम्ही जेवलो, भांडी घासली, प्रार्थना केली, दिवा मालवला. अंधारात माझ्या लक्षात आलं, की दोन दिवसांत मी एकदाही निशाणी मागितली नव्हती. गुरुवारी सकाळी बटण दाबलं. साइट अडकली. ओटीपी आला तोवर वेळ संपली. तीनदा असं झालं. चौथ्यांदा काम झालं.

मुलगी होती त्या संस्थेत गेलो ती २४ फेब्रुवारी. एका खोलीत चटई अंथरलेली, रंग उडालेलं प्लास्टिकचं घोडं. मावशी तिला घेऊन आल्या. केस बारीक कापलेले, एका पायात मोजा. ती आमच्याकडे बघेना. स्वतःच्या फ्रॉकची बाही तोंडात घेऊन चावत होती. पुस्तकात वाचलेलं, सिनेमात बघितलेलं काही झालं नाही. बायकोनं उचलायला हात पुढे केले तर ती मावशींच्या खांद्यात शिरली. वीसेक मिनिटं आम्ही चटईवर नुसते बसून होतो. मग तिला बायकोच्या मनगटावरचं घड्याळ दिसलं. नर्सचं घड्याळ, मोठ्या सेकंदकाट्याचं. ती सरकत आली, काट्यावर बोट ठेवलं आणि काटा पुढे गेला तसं बोटही पुढे नेलं. पूर्ण एक फेरी. खोलीत कोणी बोललं नाही.

आम्ही सह्या केल्या. बाल संगोपन निधीचे पन्नास हजार भरले, दत्तकपूर्व संगोपनाचं हमीपत्र दिलं आणि ३ मार्चला तिला घरी आणलं. पुढे पाठपुराव्याच्या चार भेटी असतात, प्रत्येकी दोन हजार. म्हणजे गृह अध्ययनाचे सहा हजार धरून सगळे मिळून चौसष्ट हजार, प्रवास वेगळा. यापलीकडे कोणी काही मागितलं तर देऊ नका, पावती मागा.

पहिले पाच आठवडे ती रात्री रडायची नाही, हेच काळजीचं होतं. उठून गजाला धरून उभी राहायची, आवाज न करता. रडून कोणी येतं हे तिला ठाऊकच नव्हतं. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात पहाटे तीनला ती पहिल्यांदा गळा काढून रडली आणि आम्ही दोघंही एकाच वेळी धावलो. दारात आमची टक्कर झाली.

जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश २२ मेला आला. सुनावणीला अर्धा दिवस बाकड्यावर, आत पाच मिनिटं. मग नवा जन्मदाखला, त्यावर आमची नावं. बाप्तिस्मा आम्ही मुद्दाम आदेशापर्यंत थांबवला होता. २९ जूनच्या रविवारी केला. जुने पाळकसाहेब खास आले. रोमकरांस पत्रातलं 'दत्तकपणाचा आत्मा' हे वचन त्यांनी वाचलं आणि आई पहिल्या बाकावर तिच्या दुपट्यांपैकी एक मांडीवर घेऊन बसली होती. मुलीचं नाव इथं लिहीत नाही. कायद्यानंही तिची ओळख जाहीर करायची नसते, आणि तिची गोष्ट किती सांगायची ते तिनं मोठी झाल्यावर ठरवावं.

पार्किंगमधल्या जोडप्याला मी दोन वह्या घेऊन दिल्या आहेत. हे लिहून झाल्यावर तेवढंच पुरेसं होतं असं वाटतंय.

सप्टेंबरमध्ये पाठपुराव्याच्या पहिल्या भेटीला ताई आल्या. वजन, लसी, झोप, जेवण, एकेक रकाना भरत गेल्या. "बोलायला लागली?" बायको म्हणाली, हो, गेल्या आठवड्यात पहिला शब्द. ताईंनी पेन सरसावलं. "आई की बाबा?"

काकूंची दोन पिल्लं लोकांनी नेली होती. तिसरं त्यांच्याकडेच राहिलं. आता चार वर्षांचं झालंय आणि दिवसभर आमच्या उंबऱ्यावर पडलेलं असतं.

"ब्रूनो," बायको म्हणाली.

ताईंनी रकान्यात तेच लिहिलं.